आप्पांची जपानीण

आप्पांच्या गाडीबद्दल आपण होऊन काही बोलू नये. वाईट तर नाहीच, पण चांगलंसुद्धा बोलू नये. "आप्पा, गाडी अजून छान पळते," असं मी एकदा सहज बोलून गेलो. आप्पांनी नेमका त्यातला 'अजून' धरला. "अजून म्हणजे? तुझी अपेक्षा काय होती?" पुढचा पाऊण तास मी त्यांच्या ड्राइव्हवेत उभा. फेब्रुवारी महिना, हातात काकूंनी दिलेला उपम्याचा डबा. घरी जाऊन उघडला तेव्हा उपम्याची वडी पडली होती.

आप्पा डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतात. १९७८ साली चिंचवडहून आले आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. हा झाला हुद्दा; स्वभावानं ते जन्माचेच तपासनीस. पंगतीत जिलबी वाढली तर आधी वेढे मोजणार. अख्खा मुलूख अमेरिकन मोटारींवर जगलेला, त्यात हा गृहस्थ गेली सत्तावीस वर्षं एकच जपानी गाडी चालवतोय. नोकरीत असताना त्यांना मोठ्या कारखान्यांत जावं लागे. तिथे जवळचं पार्किंग घरच्या गाड्यांना, परक्या गाड्यांनी मैदानाच्या पार टोकाला जायचं, अशी डेट्रॉईटकडची जुनी रीत. आप्पा बर्फातून तेवढं चालत जायचे आणि आत शिरल्याशिरल्या विचारायचे, "माझी सकाळी पहिल्या चावीला सुरू झाली. तुमच्यातल्या कितींच्या झाल्या?" त्यांना कोणी कामावरून काढलं नाही. अमेरिकन माणूस सहनशील असतो म्हणतात ते काही खोटं नाही.

गाडी १९९७ची, रंग मूळचा हिरवा. मूळचा अशासाठी, की ड्रायव्हरच्या बाजूचं दार भंगारातून आणलेलं आहे आणि ते बिस्किटी आहे. गाडीचं नाव मी लिहीत नाही. आप्पांची तशी सक्त ताकीद आहे. त्यांच्या साडूंचीही, त्यांच्या गाडीपुरती. दोघांचंही म्हणणं एकच, की नाव लिहिलं तर लोक त्याला जाहिरात समजतील.

मिशिगनमध्ये गाडीला इंजिन मारत नाही, मीठ मारतं. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठाला तोटा नाही, कारण खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फुटांवर, मिठाची खाण आहे. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्यांना खाणारं मीठ उपसायचं, असा दुहेरी धंदा. हे मीठ देशी-परदेशी बघत नाही. पण आप्पांच्या मते जपानी गाडी गंजते ती रस्त्यामुळे, आणि अमेरिकन गाडी गंजते ती अमेरिकन असल्यामुळे.

याचा लेखी पुरावा म्हणजे त्यांची वही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर 'श्री'. तारीख, मैल, पेट्रोल किती गॅलन, भाव काय, सगळं सुवाच्य. उजवीकडे दोन रकाने: 'देखभाल' आणि 'दुरुस्ती'. मी ती वही एकदा निवांत चाळली आहे. देखभालीच्या रकान्यात तेल, फिल्टर, टायर हे आहेच. शिवाय अल्टरनेटर दोनदा, रेडिएटर, वॉटर पंप, एक्झॉस्ट सबंध, पुढचे दोन्ही स्ट्रट, आणि २०११ सालच्या एका ओळीत 'गिअरबॉक्सचे तेल (गिअरबॉक्ससह)'. दुरुस्तीच्या रकान्यात सत्तावीस वर्षांत एकच नोंद: मागचा दिवा. तोही दुकानासमोर कुणाचीतरी ढकलगाडी येऊन आदळली म्हणून. "म्हणजे दोष कुणाचा?" आप्पा चष्म्यावरून बघत विचारतात. "ढकलगाडीचा. ती अमेरिकन होती."

जपानी गाडीचं जे जातं ती झीज, अमेरिकन गाडीचं जातं तो बिघाड. हा सिद्धान्त एकदा मान्य केला की जपानी गाडी बिघडतच नाही, हे गणितानंच सिद्ध होतं. डिअरबॉर्नचा त्यांचा लेबनीज मेकॅनिक हे गणित कधीच शिकला. तो बिलावर 'रिपेअर' लिहीत नाही. नुसते आकडे लिहितो.

साडू म्हणजे शरदराव. डेट्रॉईटच्या तीन मोठ्यांपैकी एका कंपनीत आयुष्य गेलं, आणि आयुष्यभर कर्मचाऱ्यांच्या सवलतीतल्या गाड्या घेतल्या. त्यांची सध्याची गाडीही अशीच जुनी, सहा सिलिंडरची, आत दिवाणखान्यातल्या सोफ्यासारख्या गाद्या. ते वही ठेवत नाहीत. "नोंदी संशयितांच्या ठेवतात," म्हणतात.

दसरा, संक्रांत आणि मंडळाचा गणपती असे वर्षातून तीन सामने नक्की. ओपनिंग ठरलेली. शरदराव १९५७पासून सुरू करतात: टोयोटानं पहिली टोयोपेट क्राउन अमेरिकेत आणली, ती इथल्या महामार्गांवर तापायची, चढाला धापा टाकायची, तीन-एक वर्षांत गुंडाळावी लागली. आप्पा म्हणणार, मी या देशात उतरलो त्याच वर्षी फोर्डनं पेट्रोलच्या टाकीपायी पंधरा लाख पिंटो परत बोलावल्या, त्याचं काय? मग डेमिंग येतो. हा डेमिंग अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५०मध्ये जपानात जाऊन त्यानं तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले, आणि पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्याच्या नावानं पारितोषिक सुरू केलं.

"म्हणजे शिकवलं कोणी? आम्हीच!" शरदराव.

"आणि ऐकलं कोणी?" आप्पा.

इथे शरदराव पुलाव वाढून घेतात. मग २००९-१०चे टोयोटाचे ते अडकणारे गॅस पेडल आणि सरकणाऱ्या मॅट. आप्पा हे 'पायपुसण्याचं प्रकरण' म्हणून उडवून लावतात. त्यात कंपनीनं ग्राहकांपासून गोष्टी लपवल्या म्हणून २०१४ साली अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरले, हे शरदराव सांगतात तेव्हा आप्पांना नेमका ठसका लागतो. पाणी पिऊन झालं की, "त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं काय झालं? किल्लीला जुडगा जड झाला तर चालती गाडी बंद!" यावर शरदराव खिशातली किल्ली काढून दाखवतात. एकटी. त्या वर्षापासून त्यांनी घराची, कपाटाची आणि पंढरपूरच्या विठोबाची अशी सगळी मंडळी वेगळ्या कडीत घातली आहेत. "कोणत्याही कंपनीची गाडी असो, काळजी घ्यावी," एवढंच म्हणतात. शेवटी टकाटाच्या एअरबॅगा. कंपनी जपानी, पण बसवल्या दोन्ही देशांच्या गाड्यांत, त्यामुळे तो डाव बरोबरीत सुटतो आणि श्रीखंड येतं.

वादात नसतात तेव्हा आप्पा शहाण्यासारखं बोलतात. एकदा तळघरात वॉशिंग मशीन उचकटून बसले होते, तेव्हा सांगितलं. त्यांच्या कारखान्याचा माल पुढे पुढे दोन्हीकडे जायचा. अमेरिकन गिऱ्हाईक नगामागे अर्ध्या सेंटसाठी दोन दिवस घासाघीस करी. शेकड्यात एखाददुसरा नग खराब निघाला तर चालवून घेई. जपानी गिऱ्हाईक एक नग खराब निघाला की माणूस पाठवी. तो रागवायचा नाही. यंत्राशेजारी उभा राहून 'का?' विचारायचा. उत्तर दिलं की त्यावर पुन्हा 'का?'. असं पाचदा. "चौथ्या 'का'ला आमचा फोरमन रडकुंडीला आला होता," आप्पा म्हणाले. "पाचव्याला कळलं की यंत्र ठीक आहे. रात्रपाळीला त्या कोपऱ्यातला दिवा नीट नव्हता. गेज वाचताच येत नव्हतं."

"आणि आता?"

"आता दोन्हीकडचे पाचदा विचारतात. फरक राहिलाय थोडा, पण पूर्वीसारखा नाही." मग एकदम सावध होऊन, "शरदला सांगू नकोस."

एका संक्रांतीला हे भांडण कायमचं मिटवण्याचा शहाणपणा मी केला. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. दांड्या आणि भांडणांसाठी बदनाम. १९८२मध्ये तो बंद पडला. १९८४मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. माणसं बरीचशी तीच, युनियन तीच. फक्त कुणाही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा. थोड्याच काळात तिथल्या गाड्या चांगल्या निघायला लागल्या. आणि गंमत म्हणजे त्या एकाच छपराखाली शेवरोले नोव्हा बनायची आणि टोयोटाची कोरोलाही. दोघी सख्ख्या बहिणी, फक्त कुंकू वेगळ्या घरचं. "म्हणजे बघा," मी समारोपाच्या सुरात म्हणालो, "भांडणच उरत नाही!"

दोघांचेही चेहरे उजळले.

"माणसं अमेरिकनच होती ना?" शरदराव.

"पद्धत जपानीच होती ना?" आप्पा.

तिळगूळ खाऊन दोघं जोमानं पुन्हा सुरू झाले. त्यांना माझ्याकडून नवा दारूगोळा मिळाला होता. शरदरावांच्या पत्नी, सुलूमावशी, यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तेव्हापासून कुणाचं काही मिटवायला गेलेलो नाही.

एक खोडी मात्र काढली. १९८१पासून अमेरिकेतल्या प्रत्येक गाडीला सतरा अक्षरी नंबर असतो. समोरच्या काचेच्या बुडाशी, डॅशबोर्डावर. पहिला आकडा गाडी कुठे बनली ते सांगतो. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ मेक्सिको, आणि जपानला 'जे' अक्षर. गेल्या गणपतीत मंडळानं घेतलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये दोघांच्या गाड्या शेजारी लागल्या होत्या. मी रुमालानं काचा पुसल्या आणि दोघांना वाचायला लावलं. आप्पांच्या जपानी गाडीचा नंबर सुरू होत होता ४नं. शरदरावांच्या अमेरिकन गाडीचा, २नं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शरदरावांनी बोटानं काच पुन्हा पुसली. २चा १ झाला नाही. मग आप्पा खाकरले. "जन्म कुठेही होवो," ते म्हणाले, "संस्कार महत्त्वाचे." शरदरावांनी मान डोलावली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

या सगळ्याचं मूळ मला काकूंनी सांगितलं, त्याच दिवशी दुपारी, पन्नास माणसांच्या पुऱ्यांची कणीक मळताना. १९८०चा जानेवारी. काकूंच्या आई भारतातून पहिल्यांदा आलेल्या. आप्पांकडे तेव्हा जुनी आठ सिलिंडरची एक अमेरिकन होडी होती. निवडून दिली होती शरदरावांनी, ते दोन वर्षं आधी आलेले आणि म्हणून जाणकार. विमानतळावरून येताना आय-९४ वर ती जी बंद पडली ती पडलीच. सासूबाई नऊवारीत, वर सुलूमावशींचा ओव्हरकोट, मांडीवर लोणच्याची बरणी. टो-ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि जावई यांच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "शरदरावांची कधी बंद पडत नाही हो."

"आई थंडीनं काकडत होती रे," काकू म्हणाल्या. "काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. ह्यांनी मनावरच घेतलं." मग कणकेकडे बघत वैतागल्या, "या प्लॅस्टिकच्या टबात नीट मळताच येत नाही. सुलूनं वास्तुशांतीला दिलेली परात होती मोठी. हिवाळ्यापासून सापडत नाहीये."

परात मला सापडली, तासाभरानं. मखराचे खांब आणायला आप्पांच्या शेजारी बसून निघालो होतो. पाय लांब केले तशी मॅट सरकली, आणि खाली गाडीच्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील चमकलं. मिठानं तळ खाल्ला होता, आप्पांनी त्यावर परात पालथी घालून रिव्हेट मारले होते. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे कायद्याची हरकत नव्हती. भांड्यांवर कोरतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरंही स्वच्छ वाचता येत होती: 'चि. आप्पा व सौ. माईस, शरद-सुलूकडून सप्रेम, १९८४'.

मी आप्पांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. "देखभाल," ते म्हणाले.

रात्री आरती, जेवणं, आवराआवर होऊन बाहेर आलो तर पाऊस लागलेला आणि शरदरावांची गाडी ठप्प. बॅटरी उतरली होती. दुपारी ते दिवे बंद करायला विसरले होते, म्हणजे यात गाडीचा काहीच दोष नव्हता. पण हे सांगायला आप्पांनी त्यांना वेळ दिला नाही. डिकीत जंपर केबल होत्या, मला माहीत होतं. आप्पांनी त्या काढल्या नाहीत. "चला, घरी सोडतो," असं इतक्या प्रेमानं म्हणाले, की शरदरावांचा नाइलाज झाला. ते पुढे बसले, मी मागे, मांडीवर प्रसादाचं खोकं.

जपानीण पहिल्या चावीला सुरू झाली. आप्पांनी मान वळवून दोघांना ते कळल्याची खात्री करून घेतली आणि मग गिअर टाकला. नोव्हाय रोडवर पाण्याचं एक डबकं आलं. खालून टण्ण असा आवाज झाला, देवळातल्या घंटेसारखा, आणि घुमत राहिला. शरदरावांनी बुटाची टाच दोनदा आपटून पाहिली.

"आप्पा, हे खाली काय वाजतंय?"

आप्पांनी वायपर एक घर वाढवला.

"अमेरिकन पार्ट आहे. वाजणारच."

शरदरावांनी पुन्हा एकदा टाच आपटली, कान देऊन ऐकलं.

"वाजू दे," ते म्हणाले. "टिकलाय ना!"