कडोदरा चार रस्त्यावर उभं राहून एम.फार्म.चा निर्णय कसा घ्यावा

साहित्य: बी.फार्म.च्या मार्कशीट (शेवटच्या सेमिस्टरपर्यंत), वडील एक (डाइंग मिलमधले), मामा एक (उधन्याचे), प्लास्टिकची फाइल आणि सुट्टीचा एक दिवस. आई घरचीच असल्यामुळे साहित्यात धरत नाहीत.

कृती: सकाळी दहाच्या सुमारास चार रस्त्याला यावं. भवितव्य चारही दिशांना पसरलेलं असतं आणि चारही दिशांचे ट्रक एकदम हॉर्न वाजवत असतात, त्याकडे लक्ष देऊ नये. हायवे 48 धरून उत्तरेला गेलात की अंकलेश्वर. तिथे औषधांचा कच्चा माल तयार होतो आणि बी.फार्म.वाल्याला रात्रपाळी मिळते. दक्षिणेला वापी, तिथेही रात्रपाळीच, फक्त गाडी उलट्या बाजूने पकडायची. पश्चिमेला सुरत: मेडिकलचं काउंटर, नाहीतर एम.आर.ची बॅग आणि डॉक्टरांच्या दाराबाहेरचं बाकडं. पूर्वेला बारडोलीचा रस्ता, त्या अंगाला तरसाडीचं मालिबा फार्मसी कॉलेज. हाच रस्ता मनातल्या मनात व्यारा, नवापूर करत लांबवला तर शेवटी शिरपूर लागतं, जिथे 1992 पासून आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज आहे आणि तुमच्या आत्याचं घरही. म्हणजे तीन रस्ते पगाराचे, एक शिक्षणाचा. रिक्षा सगळीकडे जातात, पण भरल्याशिवाय सुटत नाहीत. तुमच्या निर्णयाचंही तसंच आहे. मामा बसल्याशिवाय तो हलणार नाही.

पण आधी वडील. ते बारा तासांची पाळी संपवून आलेले असतात. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा असं कुठलंतरी गाव सोडून भुसावळ-सुरत लाइनीने ते इकडे आले, त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. हातपाय धुऊन झाले की विचारतात, "आते काय करस रे भाऊ?" इथे उत्तराची घाई करू नये. "एम.फार्म., फार्मास्युटिक्समध्ये" असं म्हणालात तर ते थोडा वेळ गप्प बसतील आणि मग म्हणतील, "जेटमधून कापड काढलं आणि शेड जुळली नाही, तर आम्ही ते परत टाकतो. तुझी शेड चार वर्षांत जुळली नाही का?"

याचं उत्तर इंडियन फार्माकोपियात नाही. वडील कलर रूममध्ये रंग ग्रॅमवर तोलतात, एक बॅच बिघडली तर मास्टरच्या शिव्या खातात. क्वालिटी कंट्रोल म्हणजे काय हे त्यांना तुमच्या प्राध्यापकांइतकंच कळतं. त्यांच्याशी वाद घालणाऱ्याने आधी आपलं टायट्रेशन आठवावं.

आता मामा. मामांचं वैशिष्ट्य असं, की त्यांच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी त्यांच्या ओळखीचा एक मुलगा असतो, त्याने नोकरी धरली आणि बुलेट घेतली. बुलेटला मात्र एक उतारा आहे, तो फाइलमध्ये तयार ठेवावा. जीपॅट नावाची परीक्षा. तीन तास, 125 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक कापतात. (मामांच्या उत्तरांना हा नियम लागू नाही.) पात्र ठरलात आणि एम.फार्म.ला प्रवेश घेतलात तर महिन्याला 12,400 रुपये, 24 महिने. मामा लगेच मोबाइलवर गुणाकार करतात: दोन लाख सत्त्याण्णव हजार सहाशे. त्यांचा आवाज बदलतो. "सरकार शिकायचा पगार देतं?" देतं, आणि पगारासारखीच अटही घालतं. आठवड्याला आठ-दहा तास कॉलेजात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करायचं, दुसरीकडून पगार घ्यायचा नाही. शिवाय शिष्यवृत्ती एआयसीटीईची असते. कॉलेजला एआयसीटीईची मान्यता नसेल तर स्कोअरकार्डाची फ्रेम करून घ्यावी, दुसरा उपयोग नाही. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात विचारायचा हा एकच खरा प्रश्न, आणि बहुतेक जण त्याऐवजी हॉस्टेलच्या मेसबद्दल विचारतात.

एवढ्यात काकू येतात. त्यांना फार्म.डी.बद्दल कळलेलं असतं, कारण त्यात नावापुढे डॉक्टर लागतं. त्यांना चहा द्यावा.

तर निर्णय. जीपॅट निघाली तर पूर्वेचा रस्ता धरावा, मागे वळून पाहू नये. नाही निघाली आणि फी कर्ज काढून भरायची असेल, तर अंकलेश्वरची गाडी पकडावी. एचपीएलसी मशीनवर दोन वर्षं बसलेल्या माणसाला, एम.फार्म. केल्याने आपलं नेमकं काय वाढणार, हे तरी कळतं. चौथ्या वर्षाच्या वर्गात बसून ते कळत नाही. आता घरातला पगार एकच असेल आणि बहिणीचं कॉलेज पुढ्यात असेल, तर हे सगळं मार्गदर्शन फाइलमध्ये ठेवून उद्यापासून कामाला लागावं. त्यात कमीपणा काही नाही. इथपर्यंत कुणाला फार अडचण येत नाही.

अडचण येते ती चहाच्या टपरीवर. फार्मसी कौन्सिलात तुमची नोंदणी झाल्याची बातमी तुमच्याआधी तिथे पोचलेली असते. एक भला माणूस शेजारी येऊन बसतो, चहाचे पैसे देतो आणि मेडिकल स्टोअर काढतोय म्हणून सांगतो. जागा आहे, भांडवल आहे, फक्त फार्मासिस्ट नाही. "कागळियां मूकी जा, रोज आववानी जरूर नथी." दर महिन्याला ठरलेली रक्कम. तुम्ही खुशाल शिरपूरला जाऊन एम.फार्म. करा, सर्टिफिकेट इकडे कमावत राहील. शिक्षण की पगार, या प्रश्नाचं दोन्ही हातांत लाडू देणारं हे उत्तर. मामांनाही ते एकदम पसंत पडतं.

परवान्याच्या नियमात किरकोळ औषध दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते आणि प्रिस्क्रिप्शनचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 तर सांगतं, की असं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. जागा टेपने मोजता येते. फार्मासिस्ट मोजायची वेळ आली की भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतात. आणि फ्रेमखाली बारावी नापास मुलगा उभा असतो. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. शेड्यूल एच-वन ची वेगळी वही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची, हे त्याने ऐकलेलंही नसतं. मिलवाले डॉक्टरकडे जात नाहीत, कारण रजा टाकली तर दिवसाचा पगार कापला जातो. पाळी सुटली की ते सरळ काउंटरवर येतात. अंग दुखतंय, दोन गोळ्या दे. ताप आहे, कॅप्सूल दे, दोनच. पोरगा कात्रीने पट्टी कापतो आणि देतो. जेवला का, पोटात जळजळ होते का, आधीची कुठली गोळी चालू आहे का, हे विचारायला जो माणूस तिथे असायला हवा, तो त्या वेळी शिरपूरच्या लायब्ररीत असतो.

कलर रूममध्ये बारा तास उभं राहिल्यावर वडिलांची कंबर धरते. ते घरी येताना वाटेत थांबतात, त्याच दुकानात.

टपरीवरचा माणूस भेटला तर तुमच्या चहाचे पैसे तुम्हीच द्या आणि उठा.