हुकुमावरून

आमच्या गेटवर पाटी आहे : ‘गेटसमोर वाहने उभी करू नयेत. हुकुमावरून.’ रंगवताना पेंटरनं विचारलं होतं, “गुरुजी, हुकूम कुणाचा?” मी नुसताच गंभीर चेहरा केला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठून घरी आलेल्या माणसाचा हुकूम चालावा अशी दुसरी जागा उरली नव्हती. स्वयंपाकघरावर पहिल्यापासूनच दुसऱ्या पक्षाचं सरकार आहे.

आता एक तपशील मीच सांगून टाकतो, नाहीतर गल्लीतलं कुणीतरी सांगेलच. माझ्याकडे चारचाकी नाही. स्कूटर आहे, ती बाजूच्या लहान दारातून आत-बाहेर करते. मोठं गेट उघडायचं म्हटलं तर आधी आतल्या बाजूला रचलेलं सरपण हलवावं लागेल आणि नंतर गेटावर चढलेला दोडक्याचा वेल कापावा लागेल. वेलाला दोडके बरे लागतात, म्हणून तो विषय घरात कुणी काढत नाही. पण म्हणून काय गेटसमोर गाडी लावायची? मी गाडी काढणार नसलो तरी मला ती काढता आली पाहिजे.

वर्षभर तसा त्रास नसतो. अनंत चतुर्दशीला आपल्या हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी रांगा लागल्या, की पहिला हल्ला होतो. दुसरा दसऱ्याला. आपला दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर पाळणे फिरायला लागले, की बाहेरगावच्या गाड्या मिळेल त्या बोळात शिरतात. मी सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. हातात पेपर असतो, वाचन नंबरप्लेटांचं चालतं. एमएच ३७ म्हणजे वाशिम, २६ नांदेड, २२ परभणी. परभणीवाल्यांशी मी जरा नरमाईनं वागतो. १ मे १९९९ ला आपण त्यांच्यातून वेगळे निघालो आणि माझी स्कूटर त्याच्या आधीची, म्हणजे अजून २२ चीच. भाऊबंदकीत एवढं चालवून घ्यावं लागतं. एमएच १२ दिसली की मात्र मी खुर्चीतून उठतोच.

“ओ भाऊ, पाटी दिसली नाही का?”

“दिसली की, काका. दोनच मिनिटं.”

दसऱ्यातली दोन मिनिटं रावण जळून लोक घरी जाईपर्यंत पुरतात. त्याचंही मला फार वाटत नाही. झोंबतो तो पुढचा प्रश्न : “तुम्हाला गाडी काढायचीय का?” याला उत्तर नाही. अशा वेळी मी कायद्याकडे वळतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम १२२ : इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीनं सार्वजनिक जागी वाहन सोडू नये. शिवाय १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत कुणाच्या आवाराचं प्रवेशद्वार अडवू नये, असंही होतं. एका पोरानं हे सगळं हात बांधून ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सार्वजनिक जागा म्हणजे रस्ता ना? मग तो तुमचा कसा?” कुठल्या शाळेत शिकलास, असं मी दरडावून विचारलं. आमच्याच शाळेचा निघाला.

खरं तर दारापुढची जागा या विषयात आपल्या जिल्ह्याइतका अनुभव कुणाच्या गाठीशी नाही. नामदेव महाराज नरसीचे, म्हणजे आपलेच. ते औंढ्याला नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले तर तिथल्या मंडळींनी सांगितलं, दारासमोर उभं राहायचं नाही, मागं जा. त्यांच्याकडे पाटी नसावी, पण हुकूम होता. नामदेव मागं गेले आणि कीर्तन सुरू केलं. पुढची कथा आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे : देवळानंच तोंड फिरवलं. नंदी तेवढा राहिला जुन्या जागी, म्हणून तो आजही देवळाच्या मागं. लोक इथं हात जोडतात. मला मात्र काळजी लागते ती पुढच्या दाराशी चपला काढून आत गेलेल्यांची. बाहेर येऊन बघतात तर पलीकडची बाजू! आणि ज्यांनी हुकूम सोडला त्यांचं तोंड कसं झालं असेल? त्यांचं नियमानं काहीच चुकलं नव्हतं. अडवायचं दारच निघून गेलं. ही कथा मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचो, पण पाटी लावल्यानंतर पहिल्यांदा औंढ्याला जाऊन आलो, तेव्हा घरी पोचल्यावर आधी आपलं गेट जागेवर आहे का ते बघितलं.

औंढ्याचीच दुसरी कथा विसोबा खेचरांची. पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नसेल तिथं नेऊन ठेव बाबा. आणि पाय नेतील तिथं पिंड! अध्यात्म सोडा, पण ‘इथून काढा’ आणि ‘मग कुठं लावू ते तुम्हीच सांगा’ हा संवाद दर दसऱ्याला वाहतूक पोलीस आणि जीपवाल्यांमध्ये शब्दशः होतो.

असो. शेजारच्या अण्णांकडे वळतो. आमचं बोलणं बंद होतं. हळदीच्या दिवसांत मार्केटला आलेल्या त्यांच्या पाहुण्यांचा ट्रॅक्टर रात्रभर माझ्या गेटसमोर राहिला, तेव्हापासून. गाडी लावण्याबद्दल माझा राग नव्हताच. पाहुण्यानं नुसतं कडी वाजवून ‘लावू का?’ म्हटलं असतं, तर मी चहा पाजला असता. आतासुद्धा पाजेन. पण विचारत कुणी नाही.

अण्णांनी स्वतःच्या घरासमोर मात्र चार मोठे दगड मांडलेत, एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा तसे. मुलाच्या गाडीसाठी. मुलगा पुण्याला, येतो सणावारी. दगड बारा महिने. पोरं क्रिकेटसाठी ते बाजूला करतात, अण्णा सकाळी काठी टेकत येतात आणि पायानं ढकलत परत ओळीत लावतात. त्या दगडांना मी इतकी वर्षं हसलो. मग एकदा मोजून पाहिलं : आमच्या गल्लीत ज्या घरातलं तरणं पोरगं घरीच राहतं, अशी घरं एका हाताच्या बोटांवर आली. बाकीची सगळी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं गेलेली. आमचीही त्यातच.

यंदा दसऱ्याला नांदेडची एक गाडी आली. ड्रायव्हर उतरला, अण्णांचे दोन दगड उचलून गटारीकडेला टाकले. माझं गेट मोकळंच होतं, मला बोलायचं कारण नव्हतं. तरी मी उठलो. कलम १२२ पासून सुरुवात केली आणि आवाज असा लावला की गाडी पुढच्या चौकात गेली. मग ते दगड मीच परत आणले. भलतेच जड आहेत.

संध्याकाळी अण्णा आपट्याची पानं घेऊन ओट्याशी आले.

“घ्या गुरुजी, सोनं.”

मी पाया पडलो. ते थोडा वेळ काठीशी चाळा करत उभे राहिले.

“पोरानं नवी गाडी घेतली म्हणे. लांब आहे. दिवाळीला तुमच्या गेटपुढं हातभर येईल. लावू द्या का?”

मी जरा विचार केल्यासारखं केलं. “लावा की. पण मला कधी गाडी काढायची असली तर?”

अण्णांनी गेटाकडे बघितलं. दोडके दिसतच होते.

“हौ, ते तर आहेच,” ते म्हणाले. “रात्री दोनला लागली तरी हाक मारा. पोरगं उठून मागं घेईल.”