उत्तर पुढच्या गुरुवारी

आमच्या मंडळीतला गुरुवारचा बायबल अभ्यास पाळकसाहेबांनी गेल्या वर्षी माझ्या गळ्यात घातला. "तुम्ही रिटायर झालात, वाचनही आहे," एवढीच माझी पात्रता. विषय ठरला : नीती आणि विश्वाससमर्थन. फळ्यावर 'समर्थन' लिहिलं, तर एका मामांनी विचारलं, "पाठिंबा कुणाला द्यायचाय?" मग मी मूळ ग्रीक शब्द सांगितला, 'आपोलोगिया'. कोर्टात आरोपीनं आपल्या बचावासाठी केलेलं भाषण. "म्हणजे आरोपी आपण?" मामा म्हणाले. पहिल्याच दिवशी मी पिंजऱ्यात.

सुरुवात सी. एस. लुईसपासून केली. १९४१ साली, ऐन महायुद्धात, त्यांनी बीबीसी रेडिओवर भाषणं द्यायला सुरुवात केली. १९५२ मध्ये त्या भाषणांचंच 'मिअर ख्रिश्चॅनिटी' हे पुस्तक झालं. त्यांचा पहिला मुद्दा भांडणाचा. भांडणारी माणसं नुसती ओरडत नाहीत, 'हे बरोबर नाही' असं म्हणतात. म्हणजे दोघांनाही मान्य असलेली एक मोजपट्टी कुठेतरी आहे. हे मी रंगवून सांगत असतानाच मागे पंख्याखालच्या खुर्चीवरून जुंपली.

"मी पर्स ठेवून गेले होते."

"पर्सला कशाला हवा वारा?"

लुईसनाही इतकं ताजं उदाहरण मिळालं नसतं. मी खूश होऊन तिकडे बोट दाखवलं, तर काकू म्हणाल्या, "तुम्ही चालू द्या हो, हे आमचं घरगुती आहे."

पुढचा विषय, खोटं बोलणं. यरीहोतल्या राहाबनं हेर गच्चीवर लपवले आणि शिपायांना सरळ थाप मारली. तरी नव्या करारात तिच्या विश्वासाचं कौतुकच आहे. खोटं कधी चालतं? सगळे गप्प. मग कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "मी नातवाचं वय दोन वर्षं साडेचारच सांगत होते. एसटीत."

"आजी, राहाबनं दोघांचे जीव वाचवले."

"मी अर्धं तिकीट वाचवलं. जमेल तेवढंच करतो माणूस."

आता मात्र त्या मोहातून सुटल्यात. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून त्यांना एसटी फुकट. मी संधी साधून म्हटलं, "हीच कृपा! कमावलेली नाही, नुसती मिळालेली." आजी म्हणाल्या, "आधार कार्ड दाखवावं लागतं पण." कृपा आणि कर्म यांचा वाद किती शतकं चालू आहे, आमच्याकडे तो कंडक्टरपाशी येऊन थांबला.

खरी पंचाईत केली ती इंजिनिअरिंगच्या एका पोरानं. आईच्या धाकानं येतो आणि दाराजवळ बसतो. त्यानं विचारलं, "देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देव सांगतो?" प्रश्न प्लेटोच्या 'युथिफ्रो'तला, ख्रिस्ताच्याही आधीचा. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं : चांगुलपणा हा देवाचा स्वभावच, तो ना देवाच्या वर, ना त्याच्या लहरीवर. पोरगं म्हणालं, "मग तो स्वभाव चांगला हे कशावरून ठरवलं?"

मी चष्मा पुसला. "पुढच्या गुरुवारी सांगतो."

जाताना म्हणाला, "काका, मी तुम्हाला खोडून काढायलाच येतो." मला नीलकंठशास्त्री गोरे आठवले. काशीचे हे चित्पावन पंडित मिशनऱ्यांना खोडून काढायला गेले आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. ही गोष्ट पोराला सांगितली नाही. एक तर तो घाबरून यायचा थांबेल. आणि दुसरं म्हणजे, वादातला धोका काही एकट्या त्यालाच नसतो.

घरी येऊन पेत्राचं पहिलं पत्र उघडलं. तिसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, असं आहे. त्याखाली माझी जुनी लाल रेघ. ते उत्तर सौम्यपणे आणि आदरानं द्या, असंही लगेच पुढे आहे. तिथवर माझा पेन पोचलाच नव्हता.

या गोष्टीला चार गुरुवार झाले. मी दर वेळी वही भरून नेतो, पोरगं दर वेळी एक 'पण' काढतं. खुर्ची मात्र दारापासून सरकत सरकत पंख्याखाली आली आहे. काल निघताना आजींनी मला बाजूला घेतलं.

"सापडलं का रे उत्तर?"

"थोडं सापडलंय, आजी."

"सगळं एकदम देऊ नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "यायचं थांबेल."