इंदिरा नगर ते डोंबिवली, विमानाने : नवशिक्यांसाठी

लखनौच्या इंदिरा नगरात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला डोंबिवलीहून फोन येतोच, “विमानाने किती वेळ लागतो रे?” उत्तर काढायची रीत पुढे दिली आहे.

आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणा. अमौसीचा चौधरी चरणसिंह विमानतळ ते मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, सुमारे ११८५ किलोमीटर. वैमानिक ६४० म्हणेल. जवळचा रस्ता सापडला असं समजू नका, त्याचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. पुष्पक एक्सप्रेसला हेच अंतर १४०० किलोमीटरच्या वर पडतं. तिला कानपूर, झाशी, भोपाळ सगळ्यांची विचारपूस करत जायचं असतं.

आता भागाकार. ताशी ८०० किलोमीटर धरले तर दीड तास. हे उत्तर फोनवर चुकूनही देऊ नका! तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेले असतात, कारण विमान जागचं हललं तिथपासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळा एकच वापरात असते आणि गर्दीच्या वेळी पालघरच्या आसपास कुठेतरी घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या ही खोटी आधीच हिशेबात धरतात. म्हणून विमान कधी वीस मिनिटं ‘लवकर’ पोचतं. कौतुक करायचंच तर वेळापत्रक आखणाऱ्याचं करा.

हिवाळ्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून येतात. मुंबईला जाताना ते अंगावर, परतताना पाठीशी. डिसेंबर-जानेवारीतलं लखनौचं धुकं मात्र कुठल्याच भागाकारात बसत नाही. त्या दिवसांत सोबत दशम्या घ्या.

जमिनीवरचं काम सोपं. इंदिरा नगर स्टेशनात मेट्रोत बसा, कुठेही न बदलता थेट विमानतळ. हजरतगंजला उतरायचा मोह आवरा. पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही, ती तेव्हा झोपलेली असते. सामान सहसा १५ किलोपर्यंत फुकट. त्यात मलिहाबादची दशहरी किती बसवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पलीकडे हापूसवाले बसलेत आणि चव घेण्याआधीच त्यांचा निकाल तयार असतो.

शेवटची पायरी बेरजेची. अकराचं विमान असेल तर सव्वाआठला घर सोडा. सव्वाएकला मुंबई. मग सामानाचा पट्टा, टॅक्सीची रांग, ऐरोली, शिळफाटा. आणि फोन करणाऱ्याला खरं तर किलोमीटर नकोत, मिनिटंही नकोत. भात कधी लावायचा एवढंच हवंय. तेव्हा सांगा, “तुम्ही जेवून घ्या, माझं झाकून ठेवा.”