चड्डीबहाद्दराला हद्दपार करू पाहणाऱ्या सद्गृहस्थांस

सन्माननीय तक्रारदार पालक आणि शाळामंडळाचे सभासदहो,


अमेरिकेतील ग्रंथालयांतून कोणकोणती पुस्तके काढून टाकावीत याविषयी ज्या तक्रारी गुदरल्या जातात त्यांचा वार्षिक गोषवारा तेथील ग्रंथालय संघटना प्रसिद्ध करीत असते. आणि त्या गोषवाऱ्यात २०१२ व २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे डेव्ह पिल्की यांच्या ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या विनोदी बालकादंबऱ्यांना अग्रपूजेचा मान मिळाला, हे समजल्यापासून आपल्या दक्षतेविषयीचा माझा आदर द्विगुणित झाला आहे. २०१२ च्या त्याच यादीत ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही प्रौढांची शृंगारकथा चौथ्या स्थानावर तिष्ठत उभी होती. तिला मागे सारून, पडद्याचे कापड पाठीवर टाकून नुसत्या चड्डीवर गावभर हिंडणाऱ्या एका हेडमास्तरास आपण नीतिमत्तेचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरविलेत, यातच आपला तारतम्यविवेक दिसून येतो.

भाषा आक्षेपार्ह आणि वयास अनुचित, अशी आपली कैफियत आहे. ती ग्राह्यच धरली पाहिजे. कारण आठ वर्षांच्या बालकास चड्डी या वस्तूचा प्रथम परिचय शाळेच्या ग्रंथालयातच घडतो, घरी ती कोणी त्याच्या दृष्टीस पडू देत नाही. मात्र २०१८ च्या तक्रारींत मुलांना बेशिस्तीची चिथावणी मिळते हे कलमही सामील झाले, तेव्हा कोठे मूळ दुखणे उघडे पडले.

१९९७ साली निघालेल्या पहिल्या पुस्तकाचा मुद्देमाल तपासावा. जॉर्ज आणि हॅरल्ड ही दोन कार्टी शाळेच्या फुटबॉल सामन्याचा पुरता विचका करतात. पण हेडमास्तर श्री. क्रप यांनी आधीच गुप्त कॅमेरे बसवून ठेवलेले असतात, आणि ते चित्रण हाती येताच रीतसर शिक्षा फर्मावण्याऐवजी, ते फुटबॉलच्या दांडग्या खेळाडूंच्या स्वाधीन करण्याचा धाक घालून हे गृहस्थ दोघांना आपले वेठबिगार करून टाकतात. मुले टपालाने संमोहनाची अंगठी मागवतात ती या जुलुमातून सुटण्यासाठी, आणि तिच्या गुंगीत श्री. क्रप स्वतःस त्यांच्याच चित्रकथेतला कॅप्टन अंडरपँट्स, म्हणजे चड्डीबहाद्दर, समजू लागतात. पुढील भागांत तर चुटकी ऐकू आली की साहेबांनी केसांचा टोप आणि विजार भिरकावून चड्डीबहाद्दर व्हावे, आणि अंगावर पाणी पडले की पुन्हा साहेब व्हावे, असा क्रमच सुरू होतो. आणि या दोन अवतारांत अधिक सज्जन कोण, असे विचाराल तर चड्डीतला! अधिकार आणि विजार या दोन गोष्टी इतक्या सहज वेगळ्या होऊ शकतात, हे ज्ञान बालवयात मिळणे घातकच. पंचतंत्रकर्त्या विष्णुशर्म्याने खुद्द राजपुत्रांना शिकविताना वनराजास सशाकडून विहिरीत बुडविले, पण त्या काळी शाळामंडळे अस्तित्वात नव्हती.

शुद्धलेखनाचा गुन्हा मी विसरलो नाही. त्या पोरांनी काढलेली चित्रकथा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगांत छापली आहे, आणि चुका शोधून खिदळणारे पोर बरोबर स्पेलिंग जाणते, ही सबब मंडळापुढे टिकणारी नाही. त्यातच काही पाने अशी की डाव्या हाताने पुस्तक दाबून उजव्या हाताने पान भराभर मागेपुढे करावे, म्हणजे चित्रातली मारामारी हलू लागते. ग्रंथपालाने चिकटपट्टी तरी किती लावावी?

लेखकाचे पूर्वचरित्रही दप्तरी नमूद करावे. हा ओहायोतला मुलगा वर्गात स्थिर बसत नसे, वाचताना अडखळे. म्हणून मास्तरांनी त्याचे बाक व्हरांड्यात काढले, आणि तेथे बसून त्याने हा चड्डीवाला वीर रेखाटला. त्याच्या हातची एक चित्रपुस्तिका वर्गाच्या बाईंनी फाडून टाकल्याचे तो स्वतः सांगतो. म्हणजे वर्गाबाहेर काढण्याचा उपाय एकदा योजून झाला आहे, आणि त्याचा परिणाम आपल्या टेबलावर आहे. तरीही आपण तोच उपाय पुन्हा योजीत आहात, या चिकाटीस तोड नाही.

एवढीच विनंती, की ठराव मतास टाकण्यापूर्वी सभासदांनी पुस्तक एकदा वाचावे. आणि मतदान चालू असताना सभागृहात कोणी चुटकी वाजवणार नाही याचा चोख बंदोबस्त ठेवावा. अध्यक्षांच्या शेजारी पाण्याचा तांब्या असलेला बरा.


आपला नम्र,
एक वाचक