येताय ते या, पण घरफाळा भरा

मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाची पूर्वी दोन स्वप्नं असत. आधी तिथं फ्लॅट घ्यायचा आणि मग तो भाड्यानं देऊन अमेरिकेला जायचं. २०२० च्या टाळेबंदीनं यात तिसऱ्या स्वप्नाची भर घातली. घरी बसून काम होतं हे कंपनीला कळलं आणि आपलं घर बसण्याएवढंही नाही हे तिच्या नोकरदारांना कळलं. तेव्हापासून छोट्या शहरात जाऊन स्थायिक व्हायचं, असं जो तो म्हणू लागला. बहुतेकांचं म्हणण्यावरच भागतं. काहीजण मात्र खरोखर गाडी काढून आमच्या कोल्हापुरात येतात.

ही मंडळी ओळखायला सोपी असतात. शनिवारी सकाळी अंबाबाईचं दर्शन होतं. त्याआधी बिंदू चौकात पार्किंग न मिळाल्यानं चिडचिड झालेली असते. मग मिसळ होते. मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस का, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तर मिळत नाही. कटाची दुसरी वाटी संपली की कपाळावरचा घाम पुसत ‘इथंच राहिलं पाहिजे’ असा ठराव पास होतो. दुपारी एजंटाच्या मागून फ्लॅट बघणं सुरू. साहेबांच्या मोबाइलमध्ये एक तक्ता तयार असतो. डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे आणि प्रत्येकासमोर दहापैकी गुण.

कोल्हापूरला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं, पण दहापैकी गुण कुणी दिले नव्हते. अशाच एका पाहुण्यांचा तक्ता बघायला मिळाला. त्यातल्या ठळक नोंदी आमच्या शेऱ्यांसह लोकहितार्थ देत आहोत.

फायदा पहिला : घरं स्वस्त. गुण दहापैकी दहा. ‘एवढ्यात ठाण्यात पार्किंगसुद्धा येत नाही हो!’ हे वाक्य पाहुणे फ्लॅटच्या हॉलमध्ये उभे राहून मोठ्यानं बोलतात. एजंट ते लक्षपूर्वक ऐकतो आणि पुढचा फ्लॅट दाखवायला जिना चढता चढता त्याचा दर वाढवतो. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीतल्या घरांचे भाव आताशा आम्ही फक्त ऐकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथं बसू लागलं. त्यासाठी कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षं आंदोलन करत होते. न्याय जवळ आला याचा आनंदच आहे. भाड्याची खोली तेवढी लांब गेली.

घर स्वस्त का, हा प्रश्न तक्त्यात नाही. इथल्या खिशाला परवडेल तेवढाच भाव इथं चढला होता, म्हणून ते स्वस्त. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या पोराच्या पगारावर तो भाव ठरला होता. तुम्ही त्याच्याच रांगेत ठाण्याचं पाकीट घेऊन उभे राहता आणि ‘किती स्वस्त!’ म्हणता. त्यालाही तुमच्याकडे बघून काहीतरी म्हणावंसं वाटतं, पण कोल्हापूरकर पाहुण्यांना तसं तोंडावर बोलत नाही. निदान पहिल्या भेटीत नाही.

उपफायदा : बाल्कनीतून नदी दिसते. इथं एक विनंती. असा फ्लॅट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बघा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावर पावसाळ्यात आमचं रात्रीचं जेवण लवकर की उशिरा ते ठरतं. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस दूध, पेट्रोल, भाजी सगळं अडलं. त्या वेळी नदी बघायला कुणाला बाल्कनीत जावं लागलं नाही. तीच पार्किंगमध्ये आली होती. तेव्हा फरशी इटालियन की राजस्थानी हे नंतर विचारा. आधी निळी पूररेषा कुठून जाते आणि लाल कुठून, ते विचारा. एजंटाला अचानक फोन आला, तर समजून जा.

फायदा दुसरा : सगळं दहा मिनिटांवर. गुण नऊ. एक गुण रस्त्यात मध्येच उभ्या असलेल्या म्हशीनं कापला. बाकी हे खरं आहे, आणि त्याला कारणही भक्कम आहे. १९७२ साली इथं महापालिका झाली आणि त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षं हद्दवाढीवर चर्चा करण्यात गेली. शहर म्हणतं, आमची केएमटी बस वापरता, आमचं पाणी पिता, तर आत या. गावं म्हणतात, आत आलो तर घरफाळा वाढेल, आम्ही बाहेरच बरे. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघतात, बंद पुकारले जातात आणि शहर आपलं ६६ चौरस किलोमीटरांच्या अंगरख्यात बसून राहतं. एव्हाना बिल्डर मात्र हद्द ओलांडून कधीच पुढं गेलेला असतो. त्यामुळं तुमचा फ्लॅट जाहिरातीत ‘कोल्हापूरच्या हृदयात’ असला, तरी पाणी, कचरा आणि गटारीसाठी सरपंचांना गाठावं लागेल. ते भेटतील. तेही दहा मिनिटांवरच राहतात.

लोकलच्या प्रवासातले वाचलेले तास छंदाला देणार, असंही तक्त्यात लिहिलंय. आधी इथं आलेल्यांचा अनुभव वेगळा आहे. येण्याजाण्याचा वेळ वाचतो हे मुंबईच्या मॅनेजरला तुमच्याही आधी कळतं आणि संध्याकाळी साडेसातची मीटिंग लागते. बासरी अजून खोक्यातच आहे.

फायदा तिसरा : शांतता. गुण दहा. हा तक्ता गणपतीच्या आधी बनवलेला दिसतो. आमच्याकडं पेठ आहे, पेठेत तालीम आहे, तालमीचं मंडळ आहे आणि मंडळाकडं डॉल्बी आहे. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बी लावायची की नाही, यावर पोलिस आणि मंडळं दरवर्षी चर्चा करतात. चर्चेचं फळ महाद्वार रोडवर साऱ्यांना ऐकू येतं. गणपती झाले की नवरात्र, मग फुटबॉलचा हंगाम. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला, की कुठल्या पेठेत कुठला शर्ट घालून जायचं हे ठरवावं लागतं. तुम्ही तटस्थ आहात हे सांगून उपयोग नाही. वर्गणीचं पुस्तक घेऊन आलेल्या पोरांना तटस्थ माणूस ही कल्पना माहीत नाही.

फायदा चौथा : माणसं मायाळू. गुण दहा, वर एक हृदयाचं चिन्ह. हे तर आम्हीही मान्य करतो. सामान उतरवायला चार पोरं न बोलावता येतील. त्या रात्री शेजारून भाकरी आणि तांबडा रस्सा येईल. मुंबईत मांसाहार करतो म्हणून घर नाकारलं जातं. इथं पांढरा रस्सा नको म्हणणाऱ्याची तब्येत विचारली जाते. पण माया म्हटली की चौकशी आली. पगार किती, मूल एकच का, सासूबाई गावी का राहतात, वहिनी रात्री अकराला लॅपटॉपवर कुणाशी बोलतात. हे सगळं निरागसपणे विचारलं जाईल. एक प्रश्न मात्र निरागस नसतो. आधी आडनाव विचारतात. त्यावरून अंदाज लागला नाही तर मूळ गाव विचारतात. तरीही लागला नाही तर घरमालक म्हणतात, ‘विचारून सांगतो’. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या शहरात भाड्याची खोली मात्र अजून ‘आपल्यातल्या’लाच देतात. महाराजांच्या जयंतीला हेच घरमालक मिरवणुकीत पुढं असतात.

फायदा पाचवा : स्वच्छ पाणी. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आणायची मागणी इतकी जुनी, की त्यासाठी आंदोलन केलेले कार्यकर्ते आजोबा झाले. ते पाणी शेवटी २०२३ च्या दिवाळीत आलं. मुहूर्त अभ्यंगस्नानाचा होता, म्हणून उशिराबद्दल कुणी फार बोललं नाही. आता पाइपलाइन बिघडली की टँकर येतो आणि टँकरमागं धावताना शेजाऱ्यांची ओळख होते. वरचा चौथा फायदा बघा.

आता उजवी बाजू, म्हणजे तोटे. मॉल मोजकेच, विमानं मोजकी, नाटकं कमी, मुलांना एक्स्पोजर नाही. यातल्या नाटकांबद्दल थट्टा करवत नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं आणि पुढं केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेलं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री हे गाव रस्त्यावर उभं राहून रडत होतं. मॉल जळाला तर असं कुणी रडेल का, याला दहापैकी किती गुण द्यायचे ते पाहुण्यांनी ठरवावं. एक्स्पोजरचं म्हणाल, तर मुलाला एकदा खासबागेत कुस्तीला घेऊन या आणि पहाटे गंगावेशीत समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायला लावा. एवढं एक्स्पोजर त्याला आठवडाभर पुरेल.

तक्त्याच्या अगदी तळाशी एक ओळ आहे. नोकरी : लागू नाही. साहेबांची नोकरी लॅपटॉपमधून त्यांच्याबरोबरच येते, त्यामुळं रकाना रिकामा. आम्हाला हा रकाना सोडून दुसरं काही दिसेना.

कारण इथल्या पोरांना तो लागू आहे. इथं विद्यापीठ १९६२ पासून आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पुण्यात बनणाऱ्या गाड्यांमधलं कास्टिंग इथं होतं. शेंडा पार्कात आयटी पार्क होणार ही बातमी तर आम्ही इतक्या वेळा वाचलीय, की काहींना तो होऊन गेला असं वाटतं. पण पदवी हातात पडली की पोरगं रविवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभं राहतं. पाठीवर सॅक, हातात आईनं दिलेला चटणी-लाडवांचा डबा. गाडी सुटते. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोल ओलांडून पहाटे ते हिंजवडीच्या कॉट बेसिसवर जाऊन पडतं. शहराच्या रस्त्यांवरचा टोल आंदोलन करून २०१५ मध्ये घालवलेलं हे गाव. महामार्गावरचा टोल मात्र आपलीच पोरं बाहेर धाडण्यासाठी मुकाट भरतं. त्याच महामार्गाच्या दुसऱ्या बाजूनं तुम्ही तुमचा तक्ता घेऊन येत असता.

म्हणजे तक्ता एकच आहे, फक्त आम्ही तो उजवीकडून वाचतो. पगार कमी म्हणून तुम्हाला घर स्वस्त. कारखाने वाढले नाहीत म्हणून तुम्हाला हवा ताजी. तरणी पोरं गेली म्हणून तुम्हाला रस्ते मोकळे. चौकातल्या कट्ट्यावर गप्पा मारायला माणसं भरदुपारी मिळतात, कारण त्यांना जायला दुसरीकडं काही नाही. तुम्हाला जी निवांत जीवनशैली वाटते, तिला आमच्या घरात ‘अजून कुठं लागला नाही’ असं म्हणतात.

याचा अर्थ येऊ नका असा नाही. कोल्हापूरनं आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. या, पण हवापालटाला आल्यासारखे येऊ नका. मतदार यादीत नाव इथं घाला. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं हे शहर नगरसेवकांशिवाय प्रशासकानं चालवलं, याचा राग आम्हाला पुरेसा आला नाही, तुम्हाला आला तर बघा. तक्रार करायची तर व्हॉट्सअॅपवर नको, महापालिकेच्या चौकात येऊन करा, आम्ही सोबत येतो. ‘पुण्यात असं नसतं’ हे वाक्य किणी टोलनाक्यावर सोडून या. आणि जमलंच तर तुमच्या कंपनीला सांगा, की ज्या इंटरनेटवर तुमचं काम इथून होतं, त्याच इंटरनेटवर इथल्या चार पोरांचंही होईल. त्यांच्या आया रविवारी रात्री डबे भरायच्या थांबल्या, तर तुमच्या तक्त्याला आम्ही स्वतः दहापैकी दहा देऊ.

बाकी घरफाळा वर्षाच्या सुरुवातीला भरला तर सवलत मिळते. स्वस्ताईची एवढी हौस आहे, तर सुरुवात तिथून करा.