नरसाळं वर, भांडं कुठंय?

किस्सा ऐकीव आहे. पण सांगणारा खोटं बोलायचं असलं की आधी पान लावतो, आणि त्या वेळी त्याच्या तोंडात पान नव्हतं.

पैठण गेटवरच्या एका चपलांच्या दुकानदाराने दिवाळीच्या तोंडावर फेसबुकवर जाहिरात सोडली. रोजचे तीनशे रुपये. दुसऱ्याच दिवशी फोनावर फोन. सगळे हिंदीत, आणि सवाल एकच : भैया, दुकान देव जानेवाले रोड पे है क्या?

देव हे गाव आहे. सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध. जिल्हा औरंगाबाद, राज्य बिहार.

गडी जाहिरात भरताना शहराच्या रकान्यात ‘औरंगाबाद’ टाइप करून मोकळा झाला. यादीत जे आधी दिसलं त्यावर बोट ठेवलं. छठपूजेच्या तयारीतल्या बिहारी बांधवांना कोल्हापुरी चपलांवर तीस टक्के सूट कळवली. आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. याने पाटी बदलली, बिलबुक बदललं, शिक्का बदलला. जाहिरातीत तेवढं जुनं राहिलं, आणि तेही दुसऱ्याचं.

हसू नका. गुगलवर तुम्ही यापेक्षा वेगळं काही करत नाही.

तिथे गाव अचूक निवडलं तरी एक खूण आधीपासून केलेली असते : त्या गावात असलेले लोक, शिवाय त्या गावात ‘रस असलेले’ लोक. म्हणजे वेरूळ बघायला यावं का, असा विचार करणारा कोलकात्यातला सद्गृहस्थ तुमच्या सिडकोतल्या दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीचा धनी ठरतो. तो क्लिकही करतो. पैसे तुमचे कटतात. वर १८ टक्के जीएसटी.

दात तो कोलकात्यातच काढतो.

ती खूण काढायला दहा सेकंद लागतात. पण त्यासाठी ते पान वाचावं लागतं. वाचायला वेळ कुणाला आहे? आम्ही रील करतोय.

रील म्हणजे काय, तर बीबी का मकबरा मागे, दुकानदार पुढे, डोळ्यांवर गॉगल, गाणं पंजाबी. माल कुठला विकायचाय ते शेवटच्या सेकंदाला कळतं, तोवर बघणारा पुढच्या रीलवर गेलेला असतो. तिथेही मकबराच असतो.

पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. हातमागावरच्या अस्सल पैठणीची गंमत अशी, की पदर उलटा केला तरी मोर तितकाच देखणा दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. पदर नुसता उलटा करून दाखवा. दहा सेकंदांत गिऱ्हाईक खरं-खोटं ओळखायला शिकेल, आणि शिकवणाऱ्याचं नाव विसरणार नाही. पण आपल्या रीलमध्ये काय? एक मुलगी गोल फिरते, पदर उडतो, साडी पॉलिस्टरची. पदर उलटा करायची सोय नाही.

खाली लिहिलेलं असतं : भाव इनबॉक्समध्ये.

का? भाव उघड लिहिला तर समोरचा दुकानदार बघेल. अहो, त्याने तो कधीच बघितलाय. त्याचा पुतण्या तुमच्याकडे कामाला आहे. भाव लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून.

मग येतं ते निळं बटण. बूस्ट. दाबलं की पैसे जातात आणि लाइक येतात. माणूस खूश. आठवड्याने गल्ला बघतो तर तिथे नेहमीचाच सोमवार. ‘फेसबुकने फसवलं,’ म्हणतो. फेसबुकने कुठं फसवलं? त्याने विचारलं होतं, काय पाहिजे? तुम्ही म्हणालात, वाहवा. दिली. लाइक मागितले की मशीन लाइक करायची सवय असलेली माणसं शोधून आणतं. अशी माणसं शहरात भरपूर आहेत. ती सगळ्यांनाच लाइक करतात, तुमच्या समोरच्या दुकानालाही.

खरेदी करणाऱ्याची एक खोड असते. तो लाइक करत नाही. थेट विचारतो : आठ नंबर आहे का?

आणि त्याला उत्तर तिसऱ्या दिवशी मिळतं. ‘हाय’.

हे शिकवायला आता क्लास निघालेत. तीन महिन्यांत डिजिटल मार्केटर व्हा, शंभर टक्के प्लेसमेंट. शिकवणारा कोण? गेल्या बॅचचा विद्यार्थी. त्याला नोकरी कुठं लागली? इथंच. शंभर टक्के म्हणतात ती हीच. आणि या क्लासला विद्यार्थी मिळतात कसे? कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटून.

त्याच्या वरचा वर्ग ऑनलाइन गुरूंचा. घरबसल्या लाख कमवा, त्यासाठी आधी नऊ हजारांचा कोर्स घ्या. कोर्समध्ये काय? तोच कोर्स दुसऱ्याला कसा विकायचा ते. पूर्वी याला साखळी म्हणत, पोलीस यायचे. आता अॅफिलिएट म्हणतात, प्रमाणपत्र मिळतं. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे, पण नियम वाचणारा माणूस अशा कोर्सात जातो कशाला? साखळीच्या शेवटच्या कडीला विकायला कुणी उरत नाही. उरतो तो मेव्हणा.

क्लासमध्ये एक शब्द हमखास शिकवतात. फनेल. मराठीत नरसाळं. वरून हजार माणसं ओतायची, खाली दहा गिऱ्हाइकं पडतात. फळ्यावर फार छान दिसतं. पण ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं लोकांनी बघितलंय, तिथल्या बाईला नरसाळं शिकवायची गरज आहे का? पाण्याच्या दिवशी ती आधी पिंप घासते, पाइपाची गळती चिंधीने आवळते, पोराला मोटारीपाशी उभं करते, शेजारणीला विचारून घेते की तिकडे आलं का. मग नळ. आपला नवा मार्केटर आधी नळ सोडतो आणि मग घरभर भांडं शोधत हिंडतो. अर्धं पाणी अंगणात. दोष महापालिकेचा.

भांडं म्हणजे फार काही नाही. फोन उचलणारा माणूस. दुकान किती वाजता उघडतं याचं खरं उत्तर. चार स्वच्छ फोटो, भाव लिहिलेले. गुगलच्या नकाशावर दुकानाची खूण, तीही आपल्याच दारात, मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर नव्हे. ही नोंद फुकट होते. ‘गुगलमधून बोलतोय, व्हेरिफिकेशनचे पाच हजार भरा’ असा फोन येतो, तो गुगलमधून येत नाही. पण फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही, म्हणून आपण पाच हजार भरतो.

बरं, त्या नोंदीत शहराचं नाव काय लिहायचं? नवं नाव तर हवंच. पण गिऱ्हाईक शोधताना कुठलं नाव टाइप करतं, तेही एकदा बघा. परगावचा मनुष्य अजून सवयीने जुनं टाइप करतो, इथला अर्धंच नाव टाकतो, पोरं स्पेलिंग चारदा चुकवतात. नाव कोणतं खरं यावर चौकात वाद घालायला मजा येते. दुकान मात्र सगळ्या नावांनी सापडलं पाहिजे. पिनकोडचा वाद नाही. आपला ४३१००१, बिहारवाल्यांचा ८२४१०१.

माल ऑनलाइन विकायला निघालेल्यांना पहिल्या महिन्यात एक नवा शब्द कळतो. आरटीओ. एमएच-२० ची पाटी देतात तो नव्हे. पार्सल गेलं, दार उघडलं, ‘आता नको’ म्हणाले, पार्सल परत. रिटर्न टू ओरिजिन. घरपोच माल, पैसे घरी, हे ऐकायला गोड. जाण्याचं भाडं तुमचं, येण्याचं बहुतेक वेळा तुमचंच, आणि परत आलेल्या कुर्त्याच्या बाहीवर चहाचा डाग कुणाचा ते कुरिअरवाल्यालाही माहीत नसतं. पार्सल पाठवण्याआधी एक फोन करून ‘ताई, खरंच पाहिजे ना?’ विचारलं तर निम्मी डोकेदुखी जाते. पण फोन केला तर ऑर्डर रद्द होईल, अशी भीती!

होईलच. घरबसल्या होईल. पार्सल तर नागपूर फिरून येऊन रद्द होतं.

व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका. पाचशे नंबर कुठून तरी आणले, गट केला, पहिल्या मिनिटाला शंभर जण बाहेर, बाकीच्यांनी आवाज बंद केला. ब्रॉडकास्ट यादी निदान सभ्य असते. तीत २५६ जण बसतात, आणि निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये लिहून घेतलाय. आता खरं सांगा, किती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तुमचं नाव आहे? ‘स्पॅम’ या नावाने लिहिलेले सोडून.

वेबसाइट आहे ना? आहे की. भाच्याने केली. भाचा हिंजवडीला लागला. पत्ता भाच्याच्या मेलवर नोंदवलेला, मुदत संपल्याचे इशारेही त्यालाच येत राहिले, त्याने ते जाहिराती समजून पुसले. आता त्या पत्त्यावर कुणी परदेशी इसम जुगाराचा अड्डा चालवतो. दुकानाच्या पिशवीवर पत्ता अजून छापून येतोय. दहा हजार पिशव्या आधीच छापून झाल्या होत्या.

मग म्हणे, वेबसाइट कशाला, सगळं इन्स्टावरच करू. करा. २९ जून २०२० ची रात्र आठवून करा. त्या दिवशी सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावोगावची पोरं संध्याकाळी लाखांचे धनी होती, सकाळी त्यांच्याकडे फक्त रिंगलाइट उरला. भाड्याच्या जागेत माडी बांधू नये, हे आपल्या आजोबांना कळत होतं. त्यांना फॉलोअर नव्हते.

फॉलोअर विकत मिळतात म्हणा. अभिप्रायही मिळतात. ‘खूप छान सेवा, मालक स्वभावाने फार चांगले’, असं लिहिणाऱ्या वीस जणांपैकी एकोणीस जणांनी शहर बघितलेलं नसतं आणि विसावा म्हणजे मालक. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी चक्क मानक काढलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. पण कायद्याची भीती कशाला घालू? एकच खरा अभिप्राय येतो : ‘चौथ्या दिवशी अंगठा तुटला.’ तो सगळे वाचतात. त्याला उत्तर कुणी देत नाही.

उत्तर द्या की. ‘घेऊन या, बदलून देतो.’ एवढी जाहिरात फुकट मिळते.

या शहराला हे शिकवावं लागतंय याचंच नवल आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा ६५ कोटींचा. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने व्याह्याला, आणि गठ्ठ्याने घेतो म्हटल्यावर भावही पाडून घेतला. देशभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. बूस्टचं बटण कुणी दाबलं? ते तेव्हा निघालंच नव्हतं. नान खलिया खायला कुठं जायचं, हे या शहरात पाहुण्याला रिक्षावाला सांगतो. त्या रिक्षावाल्याला कुणी इन्फ्लुएन्सर म्हणत नाही, म्हणून त्याचा दर अजून मीटरवर आहे. म्हणजे, मीटरवर असायला हवा.

आणि जाहिरात म्हणजेच धंदा, असं ज्यांना वाटतं त्यांनी पैठण रोडने चितेगावपर्यंत एक चक्कर मारावी. व्हिडिओकॉन. एके काळी टीव्हीत तेच नाव आणि टीव्हीवरही तेच नाव. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव लोकांना अजून पाठ आहे.

तेव्हा सुरुवात करायची तर आज एवढंच करा. दुसऱ्याच्या फोनवरून गुगलवर स्वतःचं दुकान शोधा, तिथे दिसतो तो नंबर लावा, आणि कोण उचलतं ते बघा. कुणीच उचललं नाही तर जाहिरातीचे तीनशे रुपये खिशातच राहू द्या.

चपलांच्या त्या दुकानदाराचं पुढे काय झालं म्हणाल, तर त्याने जाहिरात बंद केली, गाव दुरुस्त केलं, बिहारचे फोन थांबले. थांबण्याआधी देवच्या एका माणसाने खरोखरच ऑर्डर दिली होती. नऊ नंबर, काळा पट्टा, पैसे घरी. दुकानदाराने वैतागून पाठवली. त्या महिन्यात बाहेरगावी गेलेल्या पार्सलांपैकी तेवढं एकच परत आलं नाही.